शेकलेली वादी

"जावईबापू, आभाळाकडे मागाहून बघा. आधी वादीवर अंगठा दाबा."

मोहेई आजोबांचं हे सांगणं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझं लाकूड अजून ओलसर होतं. मित्रांनो, मी एक जुनी कांजिकी आहे. मऊ बर्फात पाय मांडीपर्यंत रुतू नये म्हणून गवती बुटाखाली लाकडी कडं बांधतात, ते म्हणजे मी. मी उजव्या पायाची. डावी माझी बहीण होती. आता दमले आहे, म्हणून सावकाश सांगते.

मोहेईंनी चिवट झुडपाच्या फांद्या उकळत्या पाण्यात धरून वाकवल्या, टोकं एकमेकांना बांधली आणि मधोमध गुराच्या कातड्याची वादी ताणून बसवली. ती जोडी त्यांनी लेकीच्या, म्हणजे शिनोच्या, नवऱ्याला दिली. कानेकिची टपाल पाठीवर घेऊन खिंडीपलीकडे जायचा. आमचं गाव डोंगराच्या समुद्राकडच्या अंगाला होतं, आणि तिथला वसंत म्हणजे घटकेत हसणारं, घटकेत रडणारं पोर.

त्याचं कारण मला वादीमुळे कळलं. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात पाण्याची वाफ असते, पण ती दिसत नाही. चुलीवरच्या किटलीकडे नीट बघा. तोटीला लागून काहीच नसतं, बोटभर पुढे पांढरं दिसू लागतं. वारा डोंगराला अडला की वर चढतो. वर हवा विरळ, तिथे तो पसरतो आणि गार होत जातो. गारठ्यात वाफेला वाफ म्हणून राहता येत नाही. धुळीचा, मिठाचा एखादा कण धरून तिचा थेंब होतो. असे असंख्य थेंब म्हणजे ढग. आणखी वर काही थेंब गोठतात, त्या इवल्या कणांवर भोवतालची वाफ बसत जाते, त्यांना सहा हात फुटतात, आणि जड झाले की ते खाली येतात. तो बर्फ. वसंतात पायथा तापलेला आणि माथा अजून हिवाळ्यातच, म्हणून सकाळी निळं आभाळ आणि दुपारी हात दिसू नये इतकं पांढरं.

डोळ्यांच्या आधी ही वाफ कातड्याला कळते. ओल्या हवेत तुमचा डफ सैल पडतो ना, तशीच माझी वादी. आम्ही रात्री वळचणीला बाहेर टांगलेल्या असायचो. सकाळी अंगठा रुतला तर थांबायचं, टणक लागली तर निघायचं.

अकरा वर्षं कानेकिचीनं हे पाळलं. कडक ऊन असताना तो ओट्यावर बसून राहिला की शेजारी विचारायचे, आज बायकोनं धरून ठेवलं की लाकडानं. दुपारी बर्फ सुरू झाला की तेच शेजारी गुपचूप येऊन माझी वादी दाबून बघायचे. तेव्हा मला फार बरं वाटायचं.

खिंडीपलीकडच्या एकट्या घरात उमे म्हातारी राहायची. तिचा मुलगा लांबच्या बंदरावर कामाला होता आणि तिला वाचता येत नव्हतं. कानेकिची तिच्या ओट्यावर आम्हाला सोडून ठेवी आणि मुलाचं पत्र दोनदा वाचून दाखवी. निघताना म्हणे, पुढचंही मीच वाचीन, आजी.

मग एका वसंतात सलग चार दिवस तो वितळत्या बर्फातून भिजून आला. आमच्या ओल्या, गारठलेल्या गाठी बांधता-सोडता त्याची बोटं सुजली होती. शिनोला ते बघवेना. तो झोपल्यावर तिनं आम्हाला वळचणीवरून काढलं, मायेनं पुसलं आणि चुलीवर उबेला टांगलं. पहाटे परत जागच्या जागी ठेवलं. मित्रांनो, त्या रात्री समुद्रावरून वारा सुटला होता. बाहेर असते तर मी सैल झाले असते. पण शेकलेली वादी टणक. कानेकिचीनं अंगठा दाबला आणि तो निघाला. मला ओरडायला तोंड नव्हतं.

दुपारपर्यंत खिंड बर्फात नाहीशी झाली. माझी बहीण एका घळीत पडली ती कायमची. दोन दिवसांनी गावकऱ्यांनी कानेकिचीला बर्फाच्या खळग्यातून आणलं. जीव वाचला, पायांची सहा बोटं गोठून गेली.

"वादी लबाड निघाली," तो म्हणायचा.

शिनोनं मला सरपणाच्या खोलीत टाकलं. वर्षभर मी तिथे धूळ खाल्ली. उंदरांनी एक गाठ कुरतडली. त्याचं दुःख नव्हतं. लबाड म्हणवून घ्यायचा मात्र शीण आला.

पुढच्या वसंताच्या तोंडी नवा टपालवाला निरोप घेऊन आला. उमे आजीनं पाच पत्रं बुद्धाच्या देव्हाऱ्यात न फोडता ठेवली होती. त्यानं वाचतो म्हटलं तर ती म्हणाली, "परक्याच्या तोंडून मला माझा मुलगा नको. कानेकिचीनं शब्द दिलाय." आणि तिला आता जेवण जात नव्हतं.

कानेकिची आपल्या पायांकडे बघत राहिला. शिनो म्हणाली, मला अक्षरं येतात, तुमचा शब्द पाळायला मी जाते.

"त्या लबाड वादीच्या भरवशावर?"

तिनं हातातली वाटी खाली ठेवली. "अहो, लबाड ती नव्हती. त्या रात्री मी तिला चुलीवर शेकलं होतं."

तो म्हणाला, "वर्षभर हे एकटीनं वाहिलंस?" दुसऱ्या दिवशी त्यानं झुडपाची फांदी आणवली, पाणी उकळायला ठेवलं आणि बसल्या बसल्या माझ्यासाठी नवी डावी वाकवली. माझी कुरतडलेली गाठही बांधली.

म्हणून सांगते, मित्रांनो, आम्हाला जपा, पण आमचं काम ओळखून जपा. ज्याला वारा कळायला हवा, त्याला उबेला ठेवू नका. आणि चूक झाली तर मुक्या वस्तूच्या माथी मारू नका.

शिनोनं आम्हाला वळचणीला टांगलं. पहिल्या सकाळी तिचा अंगठा रुतला. दुसऱ्या, तिसऱ्याही. तिन्ही दिवशी सकाळी आभाळ लख्ख होतं आणि तिन्ही दिवशी दुपारी बर्फ पडला. उमे आजीच्या आठवणीनं तिचा जीव कासावीस व्हायचा, तरी ती घरात परत जायची, देव्हाऱ्यापाशी हात जोडायची आणि थांबायची.

चौथ्या सकाळी तिनं वादी दाबली. टणक लागली. मग कानेकिचीला धरून दारापर्यंत आणलं आणि त्यालाही दाबायला लावली. त्यानं मान डोलावली.

तिनं भाताचे दोन गोळे कमरेला बांधले, आमच्या गाठी पक्क्या केल्या आणि मागे न बघता खिंडीची चढण धरली.