दादाची चावी

डेपोतले सगळे तिला छोटी म्हणायचे. छोटी कसली, बसचं चाक एकटीनं उतरवणारी फिटर होती ती. पण मोठा भाऊ त्याच डेपोत ड्रायव्हर, त्यानंच तिला गॅरेजात आणून पहिला पाना हातात दिलेला, मग दुसरं काय नाव पडणार? आईवडिलांच्या मागं दादानंच तिला लहानाचं मोठं केलं होतं, आणि हे तो दिवसातून एकदा तरी ऐकवायचा. "तुला चपला घालायला मी शिकवलंय, तू मला ब्रेक शिकवू नकोस."

आता त्या डेपोत एक पद्धत होती. मागं एका ड्रायव्हरनं भल्या सकाळी बस धुलाईच्या जागेच्या भिंतीवर घातली होती. रात्रीची उतरली नव्हती. माणसं वाचली, पण त्याची नोकरी गेली, आणि नोकरी गेल्यावर तो आणखीच प्यायला लागला. म्हणजे रोगापेक्षा औषध भयंकर. तेव्हा डेपोच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सगळ्यांना विश्रांतीच्या खोलीत बसवून विचारलं, "कोण कधी प्यायलंय हे साहेबांना आधी कळतं की तुम्हाला?" सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. त्यातून ही 'सोबत' निघाली. प्रत्येक ड्रायव्हरनं आपला एक सोबती निवडायचा आणि सकाळी बसची चावी त्याच्याच हातून घ्यायची, समोरासमोर, दोन शब्द बोलून. सोबत्याला काही खटकलं तर चावी द्यायची नाही, त्याच खोलीत चहाच्या शेगडीजवळच्या खुंटीला अडकवायची. साहेबांकडे चुगली नाही, शिक्षा नाही, कुणी एक शब्द बोलायचा नाही. गाडी राखीव ड्रायव्हर नेतो, आणि ज्याची चावी खुंटीवर, तो चहा पितो आणि दुपारी नर्सबाईंकडे जाऊन बसतो. आधी लोक हसले. मग खुंटीवर चाव्या लागायला लागल्या, आणि पुढं पुढं त्या कमीही व्हायला लागल्या.

दादानं सोबती म्हणून छोटीला निवडलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. घरचं माणूस ओळखेल तेवढं परकं काय ओळखणार? खरंय की. पण घरचं माणूस झाकतं तेवढं परकं झाकत नाही, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. अहो, नर्सबाईंच्यासुद्धा नाही.

छोटीला दादाची अवस्था एका शब्दावरून कळायची. शुद्धीत असला की "ए छोटे", नाहीतर "ए ढमे". पोटात गेलेली असली की "बाळा". गेल्या आठवड्यात त्यानं "दे गं बाळा" म्हणून हात पुढं केला होता आणि तिनं डोळ्यांवर कातडं ओढून चावी दिली होती. बस परत येईपर्यंत तिचा जीव टांगणीला. एक नट ती कितीतरी वेळ उलटाच फिरवत बसली होती. संध्याकाळी वहिनीनं विचारलं तर वर तोंड करून सांगितलं, की दादाला पित्त झालंय.

आज पुन्हा तेच. बाहेर बस उभी, शाळेची पोरं खिडक्यांना चिकटलेली, आणि रस्ता घाटाचा. दादा आला तो इस्त्रीच्या शर्टात, केस ओले, तोंडात पुदिन्याची गोळी.

"दे गं बाळा, उशीर झाला."

छोटीनं मूठ आवळली. चावी खुंटीला लावावी तर सगळ्या डेपोसमोर दादाची अब्रू जाणार. द्यावी तर ती पोरं.

"दादा, आज चहा पी तू."

त्याला कळलं. तो हसला. "वेडी आहेस का? कालची आहे ती. ही गाडी मी झोपेतसुद्धा नेईन."

"म्हणूनच नको."

मग त्यानं आवाज खाली आणला. "सगळ्यांसमोर? मी तुला एवढीशी असल्यापासून…"

"हो दादा. सगळं केलंस तू." तिनं पाठ फिरवली आणि चावी खुंटीला अडकवायला गेली. नेम चुकला, ती खाली पडली. उचलून पुन्हा अडकवली.

खोलीत सगळ्यांनी कप तोंडाला लावले. भोंगा म्हणून एक कंडक्टर होता, कुजबुजला तरी रस्त्यापर्यंत ऐकू जायचं, तोही खाली मान घालून कपात बघत राहिला. राखीव ड्रायव्हरनं चावी काढून घेतली आणि बस निघून गेली.

"आजपासून तू माझी कुणी नाहीस," दादा म्हणाला, आणि बाकावर भिंतीकडे तोंड करून बसला.

छोटी गॅरेजातल्या खड्ड्यात उतरली आणि दुसऱ्या एका बसखाली उभी राहून रडली. ग्रीसच्या हातानं डोळे पुसले, त्यामुळं डोळे आणखीच चुरचुरले. आपण केलं ते बरोबर केलं हे तिला पक्कं माहीत होतं. पण तेवढ्यानं काडीचंही बरं वाटत नव्हतं.

दुपार कलल्यावर खड्ड्याच्या काठाशी दादाचे बूट दिसले. तो उकिडवा बसला. चेहरा उतरलेला, पण डोळे आता जागेवर होते.

"बाईंकडे जाऊन आलो. आठवड्याला या म्हणतात. जाणार आहे."

छोटी नट आवळत राहिली.

"तुझ्या वहिनीला फोन केला. पित्त नव्हतं म्हणून सांगितलं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, तुम्ही दोघं बहीणभाऊ मला खुळी समजता."

छोटीला हसू आलं आणि तिनं ते लपवलं नाही.

"आणि सोबती बदललाय मी," दादा म्हणाला. "भोंग्याला सांगितलं."

"भोंग्याला? काय बोलतोस?"

"आज एक शब्द काढला नाही त्यानं, बघितलंस ना? शिवाय माझ्यावर त्याची तुझ्याएवढी माया नाही. लगेच पकडेल." मग बुटाच्या नाडीशी खेळत तो म्हणाला, "तुला मोठं केलं मी, ते रोज सकाळी माझ्या तोंडाचा वास घ्यायला नाही. सोबती मला कुणीही मिळेल गं. तू आपली नुसती बहीण राहा."

छोटीनं पाना खाली ठेवला, खड्ड्यातून वर आली आणि दादाशेजारी जमिनीवरच बसली. गाडीचं काम तसंच राहिलं, आणि त्या दिवशी कामासाठी तिला कुणी हाक मारली नाही.