मिटल्या डोळ्यांचं मतदान

बारा सामन्यांपैकी सात हरलेल्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाला बक्षीस म्हणून तेरावा, 'बाउल'चा सामना मिळाला, ही बातमी व्हर्ना स्टॉलिंग्जला रविवारी दुपारी कळली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कसला बाउल?" तिनं विचारलं.

"गाद्यांचा," रॅन्सम म्हणाला. "गाद्या विकणाऱ्या कंपनीच्या नावाचा. मोन्टानात, नाताळनंतर दोन दिवसांनी."

"मग बरोबर आहे. बघणारे झोपणारच."

रॅन्सम टिडवेल तिच्यासमोर टेबलावर डावा पाय लांब करून बसला होता. संघाचा मधला गडी. चेंडू मागे द्यायचा आणि समोरच्याची पहिली धडक अंगावर घ्यायची, हे त्याचं काम. कॉलेजचं शेवटचं वर्ष. सव्वीस वर्षं व्हर्ना आर्कान्सातल्या या कॉलेजच्या पोरांचे घोटे बांधत आली होती, पण या डाव्या गुडघ्याइतकी काळजी तिला कुठल्याच गुडघ्याची लागली नव्हती.

बाउल म्हणजे काय असायचं एके काळी. मोसम गाजवणाऱ्या संघाला नाताळच्या सुमारास एक जादा सामना मिळायचा, तो मान. तिचा नवरा लायल याच मैदानावर खेळला होता. त्यांच्या संघानं नऊ सामने जिंकले आणि तरी नाताळात घरी बसले, कारण तेव्हा बाउल होतेच मोजके. लायल मरेपर्यंत ते विसरला नाही. आणि आता चाळिसाच्या वर गेलेत मेले. गाद्यांचा बाउल, पन्हळींचा बाउल, कोंबडीच्या तंगड्यांचा बाउल. सहा सामने जिंकले की आलंच बोलावणं. यंदा सहा जिंकणारेही पुरेनात, म्हणून पाच जिंकलेल्यांमध्ये वर्गात कोण बरे शिकतात ते शोधलं. म्हणजे मैदानात आपटलो, पण गणितात पास झालो, म्हणून चला मोन्टानाला. टीव्हीवाल्यांना डिसेंबरभर काहीतरी दाखवायला हवं, बाकी कशाशी कुणाला देणंघेणं नाही.

"मंगळवारी ऑपरेशन आहे तुझं," ती म्हणाली.

"माहितीय. डॉक्टर म्हणतात, जानेवारीतही करता येईल. खेळलास तर आणखी फाटेल कदाचित, पण ठरव तूच."

"मोठे उदार. आणि मार्चचं काय?"

मार्चमध्ये त्याचं वीज कंपनीतलं प्रशिक्षण सुरू होणार होतं. खांबावर चढून तारा जोडायचं काम. दोनशे पोरांतून वीस घेतले, त्यात रॅन्सम होता. ऑपरेशन मंगळवारी झालं तर मार्चपर्यंत गुडघा खांब चढण्याजोगा होणार होता. जानेवारीत झालं तर नाही, आणि जागा दुसऱ्याला.

"मग नाही म्हण की सरळ. तुझ्या जागी दुसरा खेळेल."

"दुसरा कुठाय? मोसम संपला तसा तो बोचकं बांधून दुसऱ्या कॉलेजात पळाला. मी नसलो तर चेंडू कोण देणार, मिस व्हर्ना? तुम्ही?"

"मी दिला तरी हरू तितकेच," ती म्हणाली, आणि बर्फाची पिशवी त्याच्या गुडघ्यावर जरा जोरातच दाबली.

पाच वाजता कोच हॅस्केलनं शेवटच्या वर्षाच्या अठरा पोरांना बैठकीच्या खोलीत बोलावलं. जायचं की नाही, ते ठरवणार होती हीच पोरं. हॅस्केल पाद्र्याचा मुलगा. बाप चर्चमध्ये जे करायचा तेच तो संघात करायचा: माना खाली, डोळे मिटलेले, आणि मग हात वर. मोजणार एकटा कोच. कुणाला नको असेल तर त्याला लाज वाटू नये, शेजाऱ्याला कळू नये, म्हणून ही रीत. व्हर्नाला ती आवडायची. मागे भिंतीशी उभी राहून तीही दर वेळी इमानानं मान खाली घालायची.

"तुमच्यातल्या निम्म्यांनी विमान आतून पाहिलेलं नाही," कोच म्हणाला. "घरचे तुम्हाला टीव्हीवर बघतील. पुन्हा असं जन्मात होणार नाही. पण तुम्हाला नको असेल, तर आपण जाणार नाही. शब्द देतो."

विमानाचं खोटं नव्हतं. लायललाही ते विमान हवं होतं. पण बाउलविना तिसरं वर्ष गेलं तर हॅस्केलची नोकरी जाणार, हेही खोटं नव्हतं, आणि ते काही तो बोलला नाही.

"माना खाली. डोळे मिटा. ज्याला जायचंय त्यानं हात वर करा."

त्या दिवशी व्हर्नानं डोळे मिटले नाहीत. संताप इतका होता की मिटवेनात. तिनं हात मोजले. सहा. पुन्हा मोजले, सहाच. रॅन्समनं दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले होते.

कोचची नजर वर आलेल्या हातांवरून दोनदा फिरली.

"हात खाली. डोळे उघडा," तो म्हणाला. "अभिमान वाटतो मला तुमचा. सगळेच्या सगळे. एकमतानं."

पोरं चोरून एकमेकांकडे बघू लागली. बारा जण, आणि बाराही जणांना वाटत होतं की खोलीत भित्रा आपण एकटाच. रॅन्समची मान लाल झाली.

"सहा," व्हर्ना म्हणाली.

सगळे वळले.

"सहा हात होते. बारा जणांना नको आहे. मी डोळे मिटले नव्हते."

"व्हर्ना, हा पोरांचा प्रश्न आहे."

"मग पोरांशी खोटं का बोलतोस? पाद्र्याचा मुलगा ना तू? परत घे मत. आणि आता डोळे उघडे ठेवून. होऊन जाऊ दे सगळ्यांसमोर."

हॅस्केलचा चेहरा पडला होता. तो तिच्याकडे बघत राहिला, मग पोरांकडे, आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला.

"ठीक आहे," तो म्हणाला. "ती म्हणतेय तसं. डोळे उघडे. चार वर्षं बरोबर मार खाल्लेल्या आपल्या भावांबरोबर ज्याला शेवटचं एकदा मैदानात उतरायचंय, त्यानं हात वर."

ते सहा लगेच वर गेले. त्या सहांनी मान वळवून बाकीच्यांकडे पाहिलं. सातवा गेला. आठवा, नववा. मग तीन-चार एकदम. रॅन्समनं एकदा दाराकडे पाहिलं आणि हात वर केला. शेवटी अठराच्या अठरा हात वर होते, आणि या वेळी मोजण्यात कुणी काही लबाडी केली नव्हती.

"आभारी आहे, व्हर्ना," कोच म्हणाला.

बाहेर तिनं रॅन्समला गाठलं. रागानं तिचा आवाज चिरकत होता.

"काय केलंस हे? आधी तुझा हात खाली होता. पाहिलाय मी माझ्या डोळ्यांनी."

"होता."

"मग आताच काय शेपूट घालायची होती? तुझ्यासाठी भांडले ना मी तिथं."

रॅन्सम भिंतीला टेकला. डाव्या पायावर भार पडू नये म्हणून तो आताशा असाच उभा राहायचा.

"मिस व्हर्ना, उद्या सकाळी मी एकटाच जाणार होतो कोचच्या खोलीत. ऑपरेशन आहे, मला जमणार नाही म्हणून सांगणार होतो. ते ओरडले असते, आणि मी मुकाट्यानं ऐकून घेतलं असतं. एवढंच. पोरांना वाटलं असतं, डॉक्टरांनी अडवलं."

व्हर्नाची नजर त्याच्या डाव्या गुडघ्यावर गेली.

"आता सतरा जणांनी माझा हात वर पाहिलाय," तो म्हणाला. "डॉक्टरांना तुम्हीच कळवाल का? मंगळवारचं रद्द म्हणून."