अंगणातला विस्तव

"अगं, थांब की जरा! त्या घरी आधी मला जाऊ दे," मागून कागोयामावशी ओरडली.

"वेळ नाही, मावशी. शेवटचं घर आहे," म्हणत नांगोबी मोटरसायकलवरून उतरली आणि केळीच्या बागेतून तरातरा निघाली. कागोयामावशी गावची आरोग्यसेविका. गुडघे दुखरे, पण तिच्याशिवाय या गावात परक्याशी कुणी धड बोलत नसे. आज मात्र तिची वाट पाहण्याइतका धीर नांगोबीकडे नव्हता. तिच्या प्रबंधाचे मार्गदर्शक डॉक्टर ओबुरांनी सकाळीच बजावलं होतं, "संध्याकाळपर्यंत मच्छरदाण्यांच्या पाहणीची सगळी माहिती आली नाही, तर यंदाची पदवी विसर."

सार्वजनिक आरोग्य शिकायला कंपालाला गेलेल्या या पोरीचं स्वतःचं आरोग्य केव्हाच वाऱ्यावर गेलं होतं. झोप उडाली होती, घास गिळवत नव्हता, विंचरताना केसांचे पुंजके हातात येत. हिवतापाने दगावलेल्या मुलांचे तक्ते करताना ती आधी रडायची. मग रडणं थांबलं आणि बिचारी त्यालाच प्रगती समजली. फेब्रुवारीत सख्खी आजी गेली, त्याच दिवशी विभागात प्रबंधाचं सादरीकरण होतं. ती गावी गेलीच नाही. त्यांच्या बुसोगा मुलखात माणूस लग्न चुकवेल, मयत चुकवत नाही. आई अजून तिच्याशी नीट बोलत नव्हती.

अंगणात भर उन्हात एक ओंडका धुमसत होता. भोवती चटया टाकून बायका बसल्या होत्या. अंगणात दिवसाढवळ्या विस्तव कशासाठी जपतात, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नांगोबीच्या डोळ्यांना तो दिसला, डोक्यापर्यंत पोहोचला नाही. ती रीतीप्रमाणे गुडघ्यांवर टेकली आणि हसून म्हणाली, "घरची मंडळी बरी ना?"

एका म्हातारीने तोंडावर हात धरला.

"पाच वर्षांखालचं मूल आहे घरात?" नांगोबीने मधल्या तरुण बाईला विचारलं. टॅबलेटवर बोट तयारच होतं.

"आहे... होतं."

नांगोबीने 'आहे' दाबलं. "काल रात्री ते मच्छरदाणीत झोपलं होतं?"

बाई तिच्याकडे बघतच राहिली. "रोज झोपायचा. कडा मी स्वतः चटईखाली खोचायचे."

"काल रात्रीचं विचारतेय, ताई."

"काल तो तिकडे होता." बाईने केळींकडे बोट दाखवलं. तिथे ताज्या लाल मातीचा छोटासा उंचवटा होता.

तेवढ्यात कागोयामावशी धापा टाकत पोहोचली. "मेले, डोळे फुटले काय तुझे? अंगणात मयतीचा विस्तव दिसत नाही? काल मूठमाती दिली या नाइगागाने आपल्या लेकराला! तू काय परदेशातून आलीस?"

"चुकलं माझं," नांगोबी पुटपुटली आणि घाईघाईने टॅबलेट पिशवीत कोंबू लागली.

"थांब. ते बंद नको करूस," नाइगागा म्हणाली. "आधी लिही. मच्छरदाणी होती, म्हणून लिही. दवाखान्यातली बाई सगळ्यांसमोर म्हणाली, तुम्ही बायका मच्छरदाण्या मासे धरायला नेता, मग पोरं मरतात. मी नाही नेली गं. तू शिकलेली आहेस, तू लिहिलंस तर खरं मानतील."

नांगोबीने टॅबलेट पुन्हा काढला. आधीचं उत्तर दुरुस्त करून 'मूल नाही' दाबलं, तसे पुढचे सगळे प्रश्न मिटले. पडद्यावर अक्षरं उमटली : हे घर अभ्यासात बसत नाही. पुढचं घर घ्या.

हा नियम तिनेच घातला होता. डॉक्टर ओबुरांनी त्यासाठी शाबासकीही दिली होती.

"लिहिलंस?"

खोटं बोलणं सोपं होतं. बाईला वाचता येत नव्हतं. "यात जागाच नाही, ताई," नांगोबी म्हणाली. "मीच ठेवली नाही." आणि इतक्या महिन्यांचं सगळं एकदम वर आलं. ती हमसून हमसून रडली, या पोरासाठी, आजीसाठी, थोडी स्वतःसाठीही. बायकांनी तिला रडू दिलं. रडणाऱ्याला गप्प करण्याची तिथे पद्धत नाही.

"नाव काय होतं त्याचं?" तिने शेवटी विचारलं.

"बालिदावा. फार हसरा होता."

पिशवीत फोन वाजला. डॉक्टर ओबुरा होते. "झालं का शेवटचं घर?"

"नाही, सर. मी मयतीला आलेय."

"आज? अगं, पदवीचं काय?" मग आवाज जरा उतरला. "घरचं कुणी गेलं का?"

नाइगागा जरा बाजूला सरकली. चटईवर एका माणसापुरती जागा झाली.

"हो, सर. घरचंच," नांगोबी म्हणाली. फोन बंद करून तिने चपला काढल्या, ओंडका विस्तवात थोडा पुढे सारला आणि त्या जागेवर बसली.