केशरी पोटाची पिल्लं

मी चाळण बोलतेय. पिठाची नव्हे. माझी जाळी इतकी बारीक, की पिठाचा कणही तिच्यातून सहज जायचा नाही.

जाड प्लास्टिकच्या नळाचा वीतभर तुकडा कापून, त्याच्या एका तोंडाला जाळी चिकटवून म्हाताऱ्याने मला घडवलं. तेव्हा तो म्हातारा नव्हता. चिकटवलेलं वाळेपर्यंत त्याच्या बायकोने जाळी ताणून धरली. तिच्या अंगठ्याचा ठसा माझ्या काठावर उमटला. पुढे ती गेली. ठसा राहिला.

समुद्रातल्या माशांची पिल्लं वाढवायची त्यांची शेड. पिल्लं सुरुवातीला पापणीच्या केसाएवढी. जे हलतं तेच खायचं, एवढंच त्यांना कळतं. म्हणून खाऱ्या पाण्यात बारीक केशरी किडे उबवायचे, माझ्यात गाळायचे, धुवायचे आणि टाकीत सोडायचे. पण किडे जन्मभर पुरवता येत नाहीत. पिल्लांना कोरड्या खाद्याच्या भुकटीची सवय लावावी लागते. भुकटी वाढवत न्यायची, किडे कमी करत आणायचे, शेवटी बंद. मग मला खिळ्याला टांगत. मी कोरडी झाले म्हणजे पिल्लं मार्गी लागली. मला त्याचा अभिमान होता.

यंदा शेडमधली अंडी देणारी एकुलती मादी थकली होती. पुन्हा अंडी देईल असं लक्षण नव्हतं. ही पिल्लं जगली तर शेड चालणार, नाहीतर कुलूप. कारभार आता मुलीकडे होता.

"बाबा, आजपासून किडे बंद. नुसती भुकटी."

"एवढ्यात? जरा अंग तरी धरू दे त्यांना."

"तुमचं ऐकलं तर यांची लग्नं होईपर्यंत भरवत बसावं लागेल."

"तुला शाळेत जाईपर्यंत भरवलं मी. काय बिघडलं?"

"बिघडलं ना. तुमच्यावर गेले."

तिने मला खिळ्याला टांगलं.

दुपारी ती जेवायला घरी गेली की म्हातारा मला हळूच काढायचा. किडे गाळून टाकीत सोडायचा. पिल्लं झेपावायची. ते बघताना तो हलकी शीळ घालायचा. बायको गेल्यापासून त्याचे ओठ मिटलेले होते. घरात ताटावरून अर्ध्यातच उठणारा माणूस इथे कुणाला तरी पोटभर खाऊ घालत होता.

भुकटी खाल्ली की पिल्लाचं पोट तपकिरी दिसतं, किडे खाल्ले की केशरी. संध्याकाळी मुलीने टाकीवर बॅटरी धरली. जवळजवळ सगळी पोटं केशरी. तिने वळून माझ्या जाळीवरून बोट फिरवलं. बोट ओलं झालं. म्हातारा तिकडे उगाच बादल्या लावत होता. मला फडक्याने पुसून तिने परत टांगलं.

रोज असंच चाललं.

मग एके सकाळी म्हातारा छाती धरून टाकीपाशीच बसला. मुलगी अनवाणीच त्याच्याबरोबर दवाखान्यात धावली. जाताना मदतीला धावून आलेल्या आत्याला ओरडून सांगितलं, "भुकटी चिमूट चिमूट घालत राहा!"

आत्याने नेमाने घातली. भुकटी तरंगली, मग तळाला बसली. पिल्लं तिच्यावरून फिरत राहिली. ताट वाढलेलं होतं, पण ते ताट आहे हे त्यांना कळत नव्हतं. शेजारच्या बरणीत किडे वळवळत होते. मी खिळ्यावर होते. आत्याला माझं काम ठाऊक नव्हतं.

तिने फोन केला. "अगं, खाणं तसंच पडलंय. रुसलीत जणू मेली."

मुलगी धावत आली तोवर मेलेल्या पिल्लांनी टाकी पांढरी झाली होती. मूठभर पिल्लं तेवढी फिरत होती. भुकटी ओळखायला शिकलेली.

म्हातारा बरा होऊन आला. जवळजवळ रिकाम्या टाकीच्या काठाला धरून उभा राहिला.

"मीच मारली गं. तुझ्यामागे किडे घालत होतो."

"ठाऊक होतं."

"मग झापायचं होतंस मला! गप्प का राहिलीस?"

तिने टाकीच्या काठावर सांडलेली भुकटी तळहाताने पुसली.

"त्या दुपारी जेवून दाराशी आले, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा तुमची शीळ ऐकली, बाबा."

मूठभर पिल्लं दुसऱ्या शेडवाल्याने नेली. मादीला दोघांनी मिळून समुद्रात सोडलं. दाराला कुलूप लागलं.

मी अजून खिळ्यावर आहे. जाळीत मीठ धरलंय. माझं एकच सांगणं आहे. मायेने घास घालायचा तर चारचौघांसमोर घाला. आणि चोरून घालताना कुणी दिसलं, तर मायेपोटी गप्प बसू नका.

म्हातारा कधीमधी कुलूप काढून येतो. मला खाली घेतो. काठावरच्या ठशावर आपला अंगठा टेकवून उभा राहतो.

शीळ घालत नाही.