आखूड पलंगाला पाय लागला

मी एक आखूड पलंग आहे. मित्रांनो, यात लाजण्यासारखे काय, असे तुम्हाला वाटेल. पण माझा आखूडपणा लाकूड कमी पडल्यामुळे आलेला नाही. तो ठरवून केलेला आहे.

माझा जन्म तुर्भ्याच्या एका कारखान्यात झाला. कृष्णात सुतारांनी माझे माप पाहिले आणि विचारले, "लहान मुलाचा आहे का?"

"नाही. सॅम्पल फ्लॅटचा," मुकादम म्हणाला.

"मग बरोबर," ते म्हणाले आणि त्यांनी करवत उचलली.

त्यांच्या हातात काही खोट नव्हती. माझ्या कडा त्यांनी गालासारख्या मऊ केल्या. पायथ्याला एक उंच फळी बसवली आणि तिला मधाच्या रंगाचे पॉलिश दिले. कुणी शेजारी दुसरा पलंग ठेवला असता तरच माझे व्यंग कळले असते. तसा पलंग शेजारी कुणी ठेवणार नव्हते.

उलव्याला एक इमारत उभी राहत होती. तिच्या आवारात नमुन्याचे एक घर सजवले होते. त्यातल्या धाकट्या बेडरूममध्ये मला ठेवले. माणसाचा डोळा खोली मोजत नाही, तो फक्त तुलना करतो. पलंग माणसाच्या मापाचा असतो हे त्याने गृहीत धरलेले असते. म्हणून पलंगाभोवती मोकळी फरशी दिसली की खोली मोठी वाटते. हेच माझे काम होते. माझ्याजवळचे कपाट इतके उथळ होते की हँगर त्यात तिरका टांगावा लागे. खोलीला दार लावलेच नव्हते, कारण उघडणारे दार जागा खाते. आम्ही सारे एकाच प्रमाणात खोटे होतो, म्हणून एकमेकांत खरे दिसत होतो.

लोक यायचे, माझ्या गादीवर हात दाबायचे आणि म्हणायचे, "किती ऐसपैस आहे." खरे सांगतो, त्या काळात मला ते कौतुक आवडत असे.

एका रविवारी दुपारी सारसोळ्याहून तिघे आले. दिपेश, त्याची बायको सोनल आणि दिपेशची आई गोजराबाई. सारसोळ्याच्या घरात तीन भावांचे संसार होते आणि यांच्या वाट्याला एक खोली होती. आईला घेऊन वेगळे राहायचे, एवढे दोघांचे ठरले होते. कुठे राहायचे, ते ठरत नव्हते. सकाळी ते कोपरखैरण्याला, बोनकोडे गावाच्या कडेचे एक जुने घर बघून आले होते. भांडण माझ्याच खोलीत झाले.

"बोनकोड्याचं घर जुनं आहे, पण खोल्या खोल्यांसारख्या आहेत," सोनल म्हणाली. "मी शिकवते ती शाळा पण जवळ."

"लिफ्ट नाही तिथे. आई तिसऱ्या मजल्यावर कशी चढणार?"

"आईंना विचारलंस? सुकट वाळवायला त्या रोज गच्चीवर चढतात."

"अगं, इथे बघ ना. पूल झाला, एअरपोर्ट आला. पाच वर्षांत उलवे कुठल्या कुठे जाईल."

"जाऊ दे की. आपल्याला विमानात राहायचंय का?"

गोजराबाई फिसकन हसल्या. सकाळपासून दोन गावे आणि कितीतरी जिने फिरून त्यांचे गुडघे धरले होते. "तुमचा चालू द्या," त्या म्हणाल्या. "मी जरा पाठ टेकते."

आणि त्या माझ्यावर आडव्या झाल्या. मित्रांनो, तोवर माझ्यावर कुणी झोपले नव्हते. पलंग कशासाठी असतो, ते मला त्या क्षणी पहिल्यांदा कळले. पण त्यांनी पाय सरळ केले आणि टाचा पायथ्याच्या फळीवर ठक्कन आपटल्या.

गोजराबाईंचा सारा जन्म मासेमारी करणाऱ्या कोळी घरात गेला होता. होडीला, जाळ्याला, मासळीच्या टोपलीला पाय लागला की त्या वाकून नमस्कार करत. जी वस्तू आपल्यासाठी राबते तिला पाय लागू नये, अशी त्यांच्या घरची रीत. त्या उठून बसल्या. माझ्या फळीला बोटे लावून त्यांनी ती कपाळाला लावली. "पाय लागला रे बाबा," त्या मला म्हणाल्या. "माजेच पाय लांब हायेत."

मला नमस्कार करणारे ते पहिले माणूस. आणि चूक माझी होती.

तेवढ्यात घर दाखवणारी दीक्षा आत आली. "आजी, झोपू नका हं, डिस्प्ले आहे तो," ती हळूच म्हणाली. तिच्या मागे दाराच्या जागी आणखी दोन कुटुंबे उभी होती. त्यांच्यातले कुणीतरी हसले.

दिपेशचे कान लाल झाले. "आई, उठ ना. लोक बघतायत." मग तो दीक्षाकडे वळला आणि मागच्या लोकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "आम्ही नुसते फिरायला नाही आलो मॅडम. बुक करायला आलोय."

सोनलने त्याच्याकडे पाहिले. बोनकोड्याचे घर त्या एका वाक्यात गेले. ते पुलामुळे गेले नाही आणि विमानतळामुळेही नाही. चार अनोळखी माणसांपुढे आपली आई हास्यास्पद दिसली, म्हणून गेले.

"घे, घे," गोजराबाई पायांवर पातळ ओढत म्हणाल्या. "जागा चांगली हाय."

पुढे घराचा ताबा मिळाला. सारसोळ्याहून गोजराबाईंचा सागवानी पलंग टेम्पोने आला. तो धाकट्या खोलीत कसाबसा शिरला, पण मग खोलीचे दार मिटेना. पलंग परत गेला. दिपेशला मी आठवलो. नमुन्याचे घर तेव्हा मोडत होते आणि दीक्षाला सामान काढून टाकायचेच होते. अशा रीतीने मी खऱ्या घरात आलो. दिपेश म्हणाला, "बघ आई, कसा फिट बसला."

मी खोलीत बसलो. गोजराबाई माझ्यात बसत नव्हत्या. त्या गुडघे पोटाशी घेऊन झोपत. झोपेत पाय पसरले की टाच फळीला लागे, आणि अर्धवट झोपेतही त्यांचा हात खाली येई, फळीला लागे, कपाळाला जाई. असे कितीतरी नमस्कार मी घेतले. नवे लाकूड कुरकुरतही नाही, नाहीतर मी निदान तेवढे केले असते.

काही महिन्यांनी त्यांनी पिशवी भरली. "मी जाते सारसोळ्याला," त्या म्हणाल्या. "हितं पाय आखडतात. वय झाला आता." दिपेशला वाटले, आईला खाडीची आठवण येते. त्याने फार अडवले नाही.

मग एकदा दिपेशची पाठ धरली. तो दुपारी माझ्यावर येऊन आडवा झाला, पाय ताणले आणि टाचा आपटल्या. त्याचा हात आपोआप खाली आला. आईचीच सवय. फळीला बोटे लागली आणि तिथेच थांबली.

सोनल कपड्यांच्या घड्या घेऊन दारात उभी होती. "सोनल, मी फार उंच आहे का गं?"

"तू? कधीपासून?"

तो फळीकडे बघत राहिला. सोनलने टेप आणली आणि मी नेहमीच्या पलंगापेक्षा चांगला वीतभर आखूड भरलो. माप घेऊन झाल्यावर तिला बोनकोड्याचे नाव काढता आले असते. तिने काढले नाही. ते दिपेशला जास्त लागले.

त्याने सारसोळ्याला फोन लावला. "आई, तुझे पाय लांब नव्हते," तो एकदम गावच्या बोलीत म्हणाला. "पलंगच आखूड हाय."

पलीकडून गोजराबाई म्हणाल्या, "म्हंजे येवढे दिस मी त्या लाकडाला उगाच नमस्कार केले?"

"हो."

"मंग सांग त्याला, माजे परत कर."

दिपेश हसला, पण गोजराबाईंचे बोलणे संपले नव्हते. "आनि तू रे? त्या दिवशी तू कोनाची लाज धरलीस? पलंगाची का माजी?"

दिपेश फोन ठेवून पेचकस शोधायला उठला.

त्याने माझ्या पायथ्याची फळी काढली. पाय पसरायला जागा व्हावी म्हणून खोलीचे दार बिजागरीतून उतरवले आणि पडदा लावला. माझ्या टोकाशी एक स्टूल आणून त्यावर गोधडीची घडी ठेवली. गोजराबाई आता अधूनमधून येतात. पाय स्टुलावर सोडून चार रात्री झोपतात आणि सारसोळ्याला परत जातात. राहायला मात्र आल्या नाहीत. त्यांचा सागवानी पलंग तिकडे आहे, आणि त्याच्यापुढे मी काय बोलणार?

मित्रांनो, तुमचे आईबाबा घर बघायला जातील तेव्हा आजीलाही घेऊन जा आणि तिला तिथे आडवे होऊ द्या. लोक हसले तर हसू द्या. तिचे पाय मावले नाहीत, तर पायांना बोल लावू नका.

गोजराबाईंचे ते सगळे नमस्कार अजून माझ्याकडेच आहेत. ज्या फळीने ते घेतले ती आता गॅलरीत भिंतीला टेकून उभी आहे. ते परत कसे करायचे, हे मला कुणी सांगेल का?