शालीनतेचा ठराव

हृदयाची सोनोग्राफी करणारे यंत्र आमच्या रुग्णालयात १९८६ साली आले, आणि त्याच्या पाठोपाठ त्याला सोवळे नेसवणारा ठरावही आला.

रुग्णालय धर्मादाय, पौड रस्त्यावर, कासार आंबोलीच्या पुढे. यंत्र एका बंगलेवाल्या उद्योगपतीने दिले. त्यांच्या मातोश्रींचे नाव संगमरवरात कोरून दाराशी बसले, तेव्हा कुठे यंत्राची पेटी उघडली. ते चालवायला मी होतो: युनूस, पौडच्या बाजारातल्या कापडवाल्याचा मुलगा, पदार्थविज्ञानाचा पदवीधर, मुंबईला जाऊन हे काम शिकून आलेला. काम थोडक्यात सांगता येते. रुग्णाला डाव्या कुशीवर निजवायचे, छातीला गार जेल लावायचे आणि बरगड्यांच्या फटीत प्रोब, म्हणजे ध्वनी सोडणारी मूठ, टेकवायचा. ध्वनी आत जातो, हृदयावर आपटून परत येतो, आणि पडद्यावर झडपा उघडमीट करताना दिसतात. चित्र मी काढायचे, अर्थ डॉक्टरांनी लावायचा. ध्वनीची अट एकच: प्रोब आणि कातडी यांच्यामध्ये हवा नको. कापडाच्या विणीत हवा असते. कापडावरून प्रोब फिरवला तर पडद्यावर करडा चिखल दिसतो.

तक्रार कोणत्याही बाईने केली नव्हती. विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष हैबतराव यांनी मला बोलावून घेतले. भूगावकडची जमीन बंगल्यांना विकून झाल्यापासून त्यांना समाजाच्या चारित्र्याची काळजी करायला सवड मिळू लागली होती.

"युनूसभाई, तुमच्याबद्दल काय न्हाई बरं का. तुमी तर घरचे. पन लोक बोलत्यात."

"कोण लोक?"

"लोक म्हंजी लोक. आता नावं घेत बसू का?"

"मग एखादी बाई नेमा. मी शिकवतो तिला."

"बाई पुन्यावरनं हितं येनार कशाला? आन् आली तर ऱ्हानार कुटं?" ते हसले. "तुमचा हात हलका हाय म्हनत्यात. त्याचंच तर भ्या वाटतं."

ठराव झाला: स्त्री-रुग्णांची तपासणी वस्त्रांवरूनच करावी. डॉक्टर सरपोतदारांनी त्यात एक शास्त्रीय दुरुस्ती सुचवली, की वस्त्र सुती असावे. दुरुस्ती टाळ्यांच्या गजरात मंजूर झाली. डॉक्टर हृदयविकारांचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले गृहस्थ होते. ध्वनीचा स्वभाव त्यांना माझ्याइतकाच ठाऊक होता. मी चिखलाची चित्रे त्यांच्या टेबलावर ठेवत गेलो, आणि ते प्रत्येकाखाली 'हृदय निर्दोष' असे लिहीत गेले. एखादी वस्तू दिसली नाही म्हणजे ती नाहीच, असे मानावे की नाही यावर आपल्या मीमांसकांनी शतके घालवली. सरपोतदारांनी तो वाद शाईच्या एका फराट्यात निकालात काढला. पुरुषांची हृदये मात्र बिघडतच राहिली. तालुक्यातल्या बायकांचे आरोग्य एकाएकी इतके सुधारले, की वार्षिक अहवालात त्याचा गौरवाने उल्लेख झाला.

सगुणा या निर्दोष बायांपैकी एक. मुळशी धरणाच्या काठच्या एका वाडीतली, विशीतली, पाच महिन्यांची गरोदर. लहानपणी तिला सांधे सुजवणारा ताप येऊन गेला होता, आणि तसा ताप पुढे हृदयाची झडप खातो. ठरावानंतर ती पहिल्यांदा आली, चोळीवरून तपासली गेली आणि निर्दोष ठरून परतली. महिनाभराने तिची सासू साळूबाई तिला पुन्हा घेऊन आली, तेव्हा सगुणाला दारातून टेबलापर्यंत यायलाही मध्ये बसावे लागले. खोकल्यातून गुलाबी फेस येत होता.

"झोपंना झालीया," साळूबाई म्हणाली. "रातभर बसून ऱ्हाती. निर्दोष म्हनं! निर्दोष मानूस असं हापतंय व्हय?"

मी सुती चोळीवरून प्रोब टेकवला. म्हातारी पडद्याकडे बघत राहिली.

"काय दिसतंय?"

"काही नाही."

"का न्हाई?"

"मध्ये कापड आहे, आजी. कापडावरून दिसत नाही."

"मंग काढा की!"

"नियम आहे."

"कुनाचा?"

"हैबतरावांचा."

"हैबत्याचा?" साळूबाईने तोंडाला पदर न लावता हसून घेतले. "त्याच्या आयचं बाळंतपन माज्या सासूनं केलं. त्येला काय ठावं बायामानसाचं! सगुने, सोड ती गाठ. मी हितं उबी हाय. युनूसभाई, तुमी तुमचं काम करा. का तुमालाबी लाज वाटाय लागली?"

तिने आपला पदर सगुणाच्या खांद्यावरून आडवा धरला, दार सताड उघडे ठेवायला लावले आणि पहारेकऱ्यासारखी उभी राहिली. मी जेल लावले. डावी झडप लगेच दिसली: जाड, चुन्यासारखी पांढरी, मोकळी फडकण्याऐवजी गुडघ्यात दुमडल्यासारखी वाकणारी. जिथून दोन बोटे सहज जावीत, तिथून पेन्सिल जेमतेम गेली असती. मागचा कप्पा तुंबून फुगला होता. पोटातले मूल वाढेल तसे रक्त वाढणार, आणि ते याच फटीतून जायचे. पुण्याला शस्त्रक्रियेने अशी झडप मोकळी करता येते, गरोदरपणातही, पण वेळेत. त्यासाठी आमच्या डॉक्टरांची चिठ्ठी हवी. 'निर्दोष' शेरा असलेली बाई त्या रांगेत कोणी उभी करत नसे.

मी पडद्याचा फोटो काढून डॉक्टरांना नेऊन दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. आजार त्यांनी पहिल्याच नजरेत ओळखला असणार. उरलेला वेळ ते स्वतःकडे पाहत होते.

"फारच स्वच्छ चित्र आहे," ते म्हणाले.

"हो."

"कापडावरून इतकं स्वच्छ येत नाही."

"अजिबात येत नाही, डॉक्टर."

"मग हे मी कसं स्वीकारू? आणि आधीच्या माझ्या रिपोर्टचं काय?"

प्रकरण मंडळापुढे गेले. त्या दुपारच्या बैठकीइतके किळसवाणे दृश्य मी आयुष्यात पाहिलेले नाही, आणि मी शवविच्छेदनांना हजर राहिलेलो आहे. पाच पोक्त पुरुष एका झडपेच्या फोटोत अश्लीलता शोधत होते. फोटो हातोहात फिरला. एकाने तो उलटा धरला, दुसऱ्याने चष्मा पुसून पुन्हा मागितला.

"ह्यात छाती कुटं हाय?" हैबतरावांनी विचारले.

"नाही," मी म्हणालो. "आतलं आहे."

"आतलं!" एक विश्वस्त दचकले. "म्हंजी अजूनच आत?"

फोटो पाकिटात घालून कपाटात ठेवण्याचे एकमताने ठरले. सगुणा बाहेरच्या बाकावर बसून श्वास मोजून घेत होती. तिच्या झडपेवर चर्चा झाली नाही.

मग सरपोतदारांनी तोड काढली. हुशार माणसाच्या हातून होणारी नीचता नेहमी व्यवस्थित असते. साळूबाईने जबाब द्यायचा: पहिल्या वेळी तंत्रज्ञाने निष्काळजीपणाने चित्र बिघडवले, आणि दुसऱ्या वेळी कोणालाही न विचारता, जबरदस्तीने, सुनेचे वस्त्र दूर केले. असा जबाब आला, की डॉक्टरांचा पहिला शेरा तंत्रज्ञाच्या चुकीमुळे ठरतो, ठराव अबाधित राहतो आणि पुण्याची चिठ्ठी तत्काळ मिळते.

साळूबाईला आत बोलावून हे वाचून दाखवले गेले. तिने ऐकून घेतले आणि माझ्याकडे पाहिले.

"असं न्हाई झालं," ती म्हणाली. "मीच म्हनलं काढा."

"मंग चिट्टी कशी द्यायची, साळूमावशी?" हैबतराव मायेने म्हणाले. "आमचेबी हात बांधल्यात."

"हैबत्या, पोर मरंल रं."

"म्हनून तर म्हनतुया, अंगठा करा."

बाहेर सगुणा खोकली, आणि ते खोकणे थांबेना. मी टेबलावरचा शाईचा पॅड उचलला, उघडला आणि साळूबाईपुढे ठेवला.

"करा, आजी."

"तुमची नौकरी?"

"करा."

तिने अंगठा उठवला. शाई वाळायच्या आत सरपोतदारांनी चिठ्ठी लिहून दिली. झडप, तिची जाडी, फट, तुंबलेला कप्पा: सगळे अचूक, सुंदर अक्षरात, आणि कपाटातल्या फोटोकडे पुन्हा न पाहता. मला त्याच टेबलावर नोकरीवरून काढून टाकण्यात आले. हैबतरावांनी उठून हात जोडले आणि म्हणाले, "तुमच्याबद्दल मनात काय न्हाई बरं का." मला वाटते, ते खरे होते. माझ्याबद्दल काही असायला तिथे आधी मन असावे लागले असते.

बाहेर साळूबाई नळावर अंगठा घासत होती. शाई जाईना. "लई घान बोलले मी तुमच्याबद्दल," ती मान वर न करता म्हणाली. "रागावला?"

"नाही. पुण्याला कोण येतंय तुमच्याबरोबर?"

"कोन येनार? पोरगा धरनावर मासं धरतुया, त्येला काय कळतंय तितलं."

"मी येतो. कुठल्या इमारतीत जायचं ते मला माहीत आहे. आणि आता मला सवडही आहे."

आम्ही सगुणाला दोन्ही बाजूंनी धरून फाट्यावर आणले. एसटी भरलेली होती. कंडक्टरने तिच्याकडे पाहून कोणालातरी उठवले. चांदणी चौकाचा चढ लागला तेव्हा ती खिडकीच्या दांडीला धरून होती. साळूबाईने बराच वेळ धरून ठेवलेला प्रश्न विचारला.

"तितं तरी कापड काढून बगतील नव्हं?"

"बघतील."

"कोन बगनार? बाई का बाप्या?"

"माहीत नाही, आजी."

"आसंना का कोनबी," ती म्हणाली, आणि सगुणाच्या पाठीवरून हात फिरवू लागली.