बदललेली बाजू

सकाळी सव्वाअकराला, वादविवाद स्पर्धा सुरू व्हायला पाऊण तास उरला असताना, जानराव सरांनी यास्मीनची बाजू बदलली.

मोताळ्याच्या सभागृहात खुर्च्या लावण्याचा गोंधळ चालला होता. सरांनी आपल्या दोन्ही विद्यार्थिनींना खिडकीपाशी बोलावलं. संघ दोघींचा, एकीनं अनुकूल बोलायचं, दुसरीनं प्रतिकूल. महिनाभर यास्मीन अनुकूल बाजू घोटत होती आणि काजल प्रतिकूल. विषय मंचावरच्या फळ्यावर लिहिलेला होता : ‘विवादित प्रदेशाचे राष्ट्र कोणते, हे तेथील जनतेनेच ठरवावे.’

“तू प्रतिकूल बोल,” सर यास्मीनला म्हणाले. “अनुकूल काजल बोलन.”

“काऊन पण सर?” काजलच आधी बोलली. “ते भाषण तिनं लिहेल हाय.”

“असू दे. कोणी मोबाइलवर नुसता हिच्या भाषणाचा तुकडा काढून फिरवला तं? लोक कशाचा काय अर्थ लावतील, सांगता येते काय?” सरांनी रुमालानं मान पुसली. “हिच्याच भल्यासाठी म्हणतो बापा.”

यास्मीननं ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं. विषयात कुठल्याच प्रदेशाचं नाव नव्हतं. आयोजकांनी मुद्दाम घातलं नव्हतं. तिचं नाव मात्र स्पर्धकांत होतं.

“जमन तुले?” सरांनी विचारलं.

“जमन. हिचं भाषण मले हिच्याहून जास्त पाठ हाय.”

“व्वा वं! मंग माह्यं बक्षीसही तूच घेऊन जाय,” काजल म्हणाली आणि सरांनाही हसू आलं.

पाठ होतंच. धामणगाव बढेहून मोताळ्याला शिकायला येताना एस.टी.त दोघी रोज याच विषयावर तावातावानं भांडायच्या. एकदा भांडण मिटवायला आलेला कंडक्टर शेवटी काजलच्या बाजूनं भांडला होता.

काजलचं नाव आधी पुकारलं गेलं. सुरुवातीला तिचा आवाज पातळ निघाला. मग यास्मीनचं वाक्य आलं.

“नकाशावर रेघ ओढणाऱ्यांच्या अंगणातून ती रेघ जात नाही. ज्यांच्या जाते, त्यांना निदान विचारा तरी!”

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. बांगड्यांचं दुकान शेजाऱ्यावर सोपवून आलेले यास्मीनचे अब्बा, सईदभाई, टाळी वाजवायचं विसरून मुलीकडे बघत राहिले. हे वाक्य त्यांनी घरी दुसऱ्या आवाजात ऐकलं होतं. यास्मीननं तळहात चुरचुरेपर्यंत टाळ्या वाजवल्या.

मग ती स्वतः उभी राहिली.

“मी विषयाच्या प्रतिकूल बाजूनं बोलणार आहे. जनता म्हणजे कोण? मतदानाच्या दिवशी घरात असलेले, की जिवाच्या भीतीनं घर सोडून गेलेले? आणि ज्यांची मतं कमी पडतील, त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी उठून कुठं जायचं?”

शेवटचं वाक्य काजलच्या भाषणात नव्हतं. ते तिला तिथं, उभ्या-उभ्या सुचलं. पुढचं सगळं धावतच आलं. तिला थांबावंसं वाटत नव्हतं. घंटा झाली तेव्हा पहिली टाळी जानराव सरांची होती.

भाषण संपल्यावर परीक्षक प्रत्येकाला एक प्रश्न विचारत होते : या मुद्द्याला आधार काय, अमुक उदाहरण कुठं घडलं. मुख्य परीक्षकांनी चष्मा काढला.

“फार छान बोललात,” ते मऊ आवाजात म्हणाले. “आता स्पर्धा बाजूला ठेवू. तुमचं स्वतःचं मत काय?”

जानराव सर पायांकडे बघू लागले. सकाळी कोणी विचारलं असतं, तर यास्मीननं एका शब्दात उत्तर दिलं असतं. आता दोन्ही बाजू तिच्या जिभेवर होत्या आणि दोन्ही तिच्याच होत्या.

“सर,” तिनं विचारलं, “हा प्रश्न सगळ्यांनाच आहे का?”

परीक्षकांनी शेजारच्यांकडे पाहिलं. मागं कोणीतरी हसलं.

“मले विचारा ना सर!” काजल ताडकन उभी राहिली. “मलेही मत हाय!”

पलीकडच्या संघातला प्रसेनजितही हात वर करून उठला. खुर्च्या करकरल्या. एकच गलका झाला. आयोजक घंटा वाजवत राहिले, कोणी ऐकेना.

हा प्रश्न सगळ्यांना विचारायचा की कोणालाच नाही, हे ठरवायला तिन्ही परीक्षक उठून शेजारच्या खोलीत गेले आणि दार लोटलं गेलं. यास्मीन अजून माइकसमोरच उभी होती. माइक चालू होता.